गाणं ऐकायला वेगळं डबडं कशाला?

"फोनमध्ये सगळं आहे की! मग गाणी ऐकायला हे वेगळं डबडं कशाला बाळगायचं?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कीव असते. फोनमध्ये टॉर्च असताना कुणी कंदील घेऊन जिना चढत असेल तर त्याच्याकडे आपण ज्या नजरेनं बघू, तीच नजर. आजवर मी हसून वेळ मारून नेत होतो. पण परवा एका तरुण मित्रानं "हा निव्वळ जुन्या गोष्टींचा सोस आहे" असं निदानच करून टाकलं. तेव्हा म्हटलं, आता एकदा सविस्तर भांडूनच घेऊ.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रोज गाणं ऐकणाऱ्या माणसाकडे गाण्यासाठी वेगळं यंत्र असावं, आणि त्या यंत्राला गाणं वाजवण्यापलीकडे काहीही येऊ नये. फोनला जी शंभर कामं येतात ती त्याला येत नाहीत, हाच त्याचा गुण. फोन म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्या चिंध्यांत सगळ्यात आधी फाटते ती गाण्याची चिंधी.

पण भांडायला उभं राहण्याआधी, माझ्याच बाजूनं लढायला आलेल्या एका फौजेला मला परत पाठवायचंय. ही फौज म्हणजे आवाजाच्या दर्जावाले. "फोनचा आवाज म्हणजे काय आवाज आहे का? तुम्ही अमुक प्लेअरवर तमुक फाइल ऐकून बघा, तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या दिसतात." दिसत असतील बुवा! पण हिशोब साधा आहे. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, आणि त्यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज परत मिळतो. माणसाचा कान ऐन तारुण्यात फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तसा त्यातला वरचा भाग गळत जातो. म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची फाइल आणि लाखाच्या वरचा प्लेअर घेऊन बसलेले काका जे जास्तीचं विकत घेतात, ते त्यांना ऐकूच येत नाही. एखाद्या वटवाघळाला आवडलं असतं कदाचित. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी असल्या प्लेअरवर लावली तर फार फार तर खरखर जास्त खानदानी ऐकू येईल. नाकापेक्षा मोती जड! साध्या फोनचा आवाज रोजच्या ऐकण्याला पुरेसा चांगला असतो. हा मुद्दा फोनवाल्यांना मी देऊन टाकला. घ्या.

माझं भांडण दुसरंच आहे.

सोनीचा पहिला वॉकमन जपानात १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. त्याला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि अंगावर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि एका छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. एकट्यानंच कानाला काहीतरी लावून बसणं उद्धटपणाचं दिसेल, ही भीती तेव्हा होती, म्हणून ही सोय. पुढे लोक सरावले आणि ते बटण गेलं.

फोननं ते बटण परत आणलंय. फरक इतकाच, की आता ते आपल्या बोटाखाली नाही. ते बँकेच्या हातात आहे, गॅसवाल्याच्या हातात आहे, सोसायटीच्या ग्रूपवर सकाळी सकाळी फुलं पाठवणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या हातात आहे, आणि ज्यांना मला दोन लाखांचं कर्ज द्यायची घाई झालीय अशा कुणा अनोळखी मुलीच्या हातात आहे. वाट्टेल त्यानं, वाट्टेल तेव्हा ते दाबावं. गाणं मान खाली घालून बाजूला होतं.

तीन मिनिटांच्या चित्रपटगीतात हे एक वेळ खपून जाईल. पण किराणा घराण्याचा एखादा विलंबित एकताल घ्या. बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालतं. त्या मिनिटात गायक एकेक स्वर लावत, सावकाश, घाई न करता मुखड्याशी येतो. आपण श्वास धरून बसलेलो असतो. आता सम... "टिंग!" गाण्याचा आवाज निम्मा झाला, टिंग झालं, आवाज परत वर आला. सम गेली. तबलजीनं मान डोलावली असेल, समोरच्यांनी दाद दिली असेल, आपल्याला मात्र कळलं की विजेचं बिल तयार आहे. पुढची सम आता मिनिटभरानं. आता बोला!

"अहो, पण नोटिफिकेशन बंद करता येतात." येतात ना. फोन विमानात ठेवतात तसा मुका-बहिराही करता येतो. पण तसा करून तासभर ठेवणारा माणूस मला दाखवा. घरी म्हातारे आईवडील असतात, मुलं शाळेत असतात, ऑफिसला "लगेच बघून सांगा" असतं. फोन बंद ठेवायचा नसतो म्हणूनच तर तो फोन. आणि समजा त्याचं तोंड बंद केलं, तरी गाणं बदलायला तो हातात घ्यावाच लागतो. हातात घेतला की गेलंच सगळं. माझ्या नात्यातल्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "अरे, मारवा लावायला म्हणून फोन उघडला आणि अर्धा तास भाचीच्या डोहाळजेवणाचे फोटो बघत बसले. मारवा राहिलाच. मग दिवेलागण झाली आणि मारव्याची वेळच गेली!" यावर काय बोलणार?

चार्जिंगचंही तेच. फोनवर आता लोकलचं तिकीट आहे, रिक्षाचे पैसे आहेत, घरचा रस्ता आहे. संध्याकाळी सहा वाजता पंधरा टक्के उरले की माणूस पहिल्यांदा काय बंद करतो? गाणं. आणि खरंय त्याचं, तिकीट नसलं तर दंड होईल, गाणं नसलं तर काही दंड नाही. जिथे सगळी कामं एकाच बॅटरीवर चालतात तिथे ज्याची कुणाला निकड नाही ते आधी उपाशी राहतं. वेगळ्या प्लेअरची बॅटरी कुठल्याच कामाची नसते, त्यामुळे ती गाण्यासाठी शिल्लक असते.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडचं गाणं यंत्रात शिरलं ते तबकडीच्या मापानं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं ध्वनिमुद्रण केलं तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. अख्खा राग तेवढ्यात बसवायचा. मग १९४८ साली लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. मग कॅसेट, आणि नव्वदच्या कॅसेटमध्ये एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. मग सीडी, चौऱ्याहत्तर मिनिटं. दर वेळी भांडं मोठं होत गेलं आणि बैठकीतलं गाणं थोडं थोडं आपल्या मूळ आकारात घरी येऊ लागलं. आज ६४ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात साध्या १२८ च्या एमपीथ्री भरल्या तर अकराशे तास मावतात. रोज एक तास ऐका, तीन वर्षं पुरेल. तीन मिनिटांच्या कोंडीतून सुटलेल्या ख्यालाला याहून मोठं अंगण कधी मिळालं नव्हतं.

आणि नेमकं याच वेळी आपण त्याला फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये नेऊन बसवलं, जिथला हिशोब तबकडीपेक्षाही कंजूष आहे. स्पॉटिफायवर एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ते "ऐकलं" म्हणून मोजलं जातं. तीस सेकंद! म्हणजे आमच्या त्या विलंबित एकतालाचं जेमतेम अर्धं आवर्तन. आणि पन्नास मिनिटांचा ख्याल शेवटपर्यंत ऐका की अडीच मिनिटांचं गाणं, मोजणीत दोन्हींचा आकडा एकच. जिथे असा हिशोब चालतो तिथे सावकाश सुरू होणाऱ्या गाण्याला कोण विचारणार? फुकटात ऐकत असाल तर मधे जाहिराती, आणि बऱ्याचदा गाण्यांचा क्रमही दुसऱ्यानं पिसलेला. द्रुत आधी, विलंबित नंतर. आधी पंक्तीत मठ्ठा-जिलबी वाढून मग पाट मांडायचे, तसलं काहीतरी.

"पण सगळं मिळतं तिथे!" हा फोनवाल्यांचा हुकमाचा पत्ता. मिळतं खरं. पण कुणाच्या मर्जीनं? पुण्याशी नातं असलेलं "धिंगाणा" आठवतंय का? लोकांनी तिथे मोठ्या हौसेनं याद्या करून ठेवल्या होत्या. २०१४ साली ते बंद पडलं आणि आरडिओ नावाच्या कंपनीनं ते विकत घेतलं. पुढच्या वर्षी आरडिओचंच दिवाळं वाजलं. कित्येक अँड्रॉइड फोनवर गाणी वाजवायला म्हणून गूगल प्ले म्युझिक आधीपासून घालून दिलेलं असायचं, ते २०२० साली बंद झालं. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जमला नाही आणि त्या कंपनीची गाणी लोकांच्या याद्यांमधून उडाली. जानेवारी २०२४ मध्ये रेसो भारतातून गेलं. त्याच वर्षी एअरटेलनं विंक बंद केलं. दर वेळी कंपनी सांगते, काळजी करू नका, दुसरीकडे सोय केलीय. अहो, पण मी तिथे दहा वर्षं बसून एकेक गाणं जमवलं होतं त्याचं काय? आपल्याकडे म्हण आहे, भाड्याचं घर आणि खाली कर. दरमहा पैसे भरा नाहीतर जाहिराती ऐका, घर तुमचं कधीच होत नाही. माझ्या प्लेअरमधल्या कार्डातलं गाणं कुणा दोन कंपन्यांचं फाटलं म्हणून उडून जात नाही.

आणि "सगळं मिळतं" हेही खरं नाही. महाराष्ट्रात किती घरांत किती कॅसेटी पडून आहेत याची कल्पना करा. दिवाणखान्यातल्या बैठका, गणेशोत्सवातली गाणी, कुणाच्या तरी साठीला झालेली मैफल, गावच्या देवळातलं भजन, आजीच्या ओव्या. यातलं बहुतेक कुठल्याही कंपनीनं काढलेलं नाही आणि काढणारही नाही. त्या वर उल्लेख केलेल्या मावशींकडे त्यांच्या गुरूंच्या तालमीच्या बावीस कॅसेटी होत्या. त्यात गाणं कमी आणि शिकवणं जास्त. मधेच खोकला, चहाचा कप ठेवल्याचा आवाज, रस्त्यावरची सायकलची घंटा आणि गुरूंचं "हं... परत. निषाद चढा लागतोय." भाच्यानं त्या सगळ्या निगुतीनं संगणकावर उतरवून मावशींच्या फोनमध्ये घालून दिल्या. पुढे फोन अडकायला लागला, म्हणून एका दुकानात दाखवला. दुकानदारानं तो स्वच्छ करून दिला. अगदी स्वच्छ! संगणकावरची प्रत तोवर संगणकाबरोबर भंगारात गेलेली. मूळ कॅसेटींना बुरशी. बावीसपैकी नऊ पुन्हा उतरवता आल्या. तेरा गेल्या. मावशी कुणाला काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर बरेच दिवस त्यांनी तानपुरा काढला नाही.

आता यात फोनचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. दोष हा, की फोन ही दोन-चार वर्षांनी बदलायची, मधेमधे पुसायची, कुणाच्याही हातात दुरुस्तीला द्यायची वस्तू आहे. त्याच्या पोटात आपण गुरूंचा आवाज ठेवतो, आणि त्याला त्या आवाजातला आणि "शुभ सकाळ"च्या व्हिडिओतला फरक कळत नाही. जागा भरली की तो दोन्हींकडे बोट दाखवून विचारतो, यातलं काय काढू? गाण्यासाठी म्हणून वेगळी ठेवलेली वस्तू अशी सहजासहजी कुणी पुसत नाही. तिच्यात काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं. मावशींच्या त्या उरलेल्या नऊ कॅसेटी आता एका छोट्या प्लेअरमध्ये आहेत, प्रती आणखी दोन घरी आहेत. प्लेअर देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतो. फोन तिथे कुणी ठेवेल का?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. "हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत. ज्याच्याकडे एकच फोन आहे त्यानं काय करायचं?" हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २००१ साली आलेला आयपॉड आपल्याकडे बहुसंख्यांनी दुकानाच्या काचेतूनच पाहिला, आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलनं तो कायमचा बंद केला तेव्हाही त्यांचं काही अडलं नाही. इथला खरा प्लेअर म्हणजे मोठ्या आवाजाचा साधा मोबाइल, आणि त्यातलं कार्ड. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी असायची. वीस-तीस रुपयांत दुकानदार कार्ड भरून द्यायचा. भक्तिगीतं, लावण्या, भीमगीतं, जुनी हिंदी. कायदेशीर होतं असं मी म्हणत नाही. पण त्या मोबाइलला इंटरनेट नव्हतं, रोज टिंगटिंग नव्हतं, गाणी कार्डात होती आणि कार्ड मालकाच्या खिशात. शेतावर, ट्रकमध्ये, रात्रपाळीच्या वॉचमनच्या खुर्चीशेजारी तो तासन्‌तास नुसता गात असायचा. म्हणजे नावाला मोबाइल, कामाला प्लेअरच! गरिबाचं गाणं फोनमुळे सुटलं असं म्हणतात. मी म्हणतो ते कार्डामुळे सुटलं. आणि आता नव्या फोनांमधून ती कार्डाची खाचच काढून टाकत चाललेत, ती का?

चोचल्यांची भाषा करणाऱ्यांनी कारवाँकडेही बघावं. २०१७ साली सारेगामानं पाच हजार जुनी गाणी भरून एक रेडिओसारखा डबा काढला. इंटरनेटच्या जमान्यात हे कोण घेणार म्हणून लोक हसले. तो लाखांनी खपला. घेतला कुणी? बहुतेक मुलांनी, आईवडिलांसाठी. म्हणजे फोनवर गाणं ऐकणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, सुखाचं होत नाही, हे मुलांना चांगलं कळतं. एक बटण फिरवलं की गाणं लागलं पाहिजे, हेही कळतं. मग हे सुख फक्त साठीनंतरच का घ्यायचं? तिशीतल्या माणसाला काय एक बटण पुरत नाही?

राहिला नवं काही सापडण्याचा मुद्दा. त्यासाठी फोन उत्तम आहे, मीही वापरतो. कुणी एखाद्या गायिकेचं नाव सांगितलं की लगेच शोधून ऐकतो. पण ते दुकानात साडी उलगडून बघण्यासारखं. आवडली तर घरी आणायची. ती फाइल विकत घ्यायची, सीडी मिळाली तर ती घ्यायची, आणि प्लेअरमध्ये घालायची. रविवारी संध्याकाळी मी पुढच्या आठवड्याची गाणी बसून निवडतो, जुनी थोडी काढतो, नवी थोडी घालतो. पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मला काय ऐकायचंय हे मीच ठरवलेलं असतं. बाकीच्या आठवड्यात मग "यानंतर हे ऐका" म्हणून कुणी कानाशी लागत नाही, आणि मी काय ऐकलं, कुठे थांबलो, रात्री दोन वाजता कोणती ठुमरी परत परत लावली, याची नोंद कुणाच्या वहीत जात नाही.

असो. भांडण बरंच झालं, आता काम सांगतो. पैसे खर्च करायची गरज नाही. तुमच्या कपाटाच्या खणात एक जुना फोन पडलेला असेल, काच तडकलेला किंवा हळू चालतो म्हणून टाकलेला. तो काढा. आधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, मग तो पूर्ण पुसा. सिम काढा. वायफायचा पासवर्ड त्याला सांगू नका. गाणी वाजवणारं एक साधं अ‍ॅप ठेवा आणि बाकीचं जे काढता येईल ते काढा. खाच असेल तर कार्ड घाला, तारेचा इअरफोन लावा. त्यात घरातल्या कॅसेटींवरून उतरवलेलं जे असेल ते आधी भरा, आणि त्याची एक प्रत भावाकडे, एक मैत्रिणीकडे ठेवा. कॅसेटी अजून उतरवल्या नसतील तर ते काम या पावसाळ्याआधी करा, बुरशी तुमची वाट बघत थांबणार नाही.

मग एखाद्या संध्याकाळी तासभर चालेल असं काहीतरी लावा. आणि दुसरा फोन, तो रोजचा, आतल्या खोलीत चार्जिंगला लावून दार ओढून घ्या.